पसंतीक्रम

पवननगरच्या मार्केटमागं
झेरॉक्सवाल्याच्या काचेवर माझा कागद डकवलेला आहे :
'अकरावी-बारावी गणित, फिजिक्स. एकेकट्याला शिकवतो.
अ‍ॅडमिशनचे फॉर्म भरून मिळतील.'
खाली माझ्या नंबराच्या उभ्या चिंध्या.
आत्तापर्यंत चार फाटल्या,
त्यातली पहिली मीच फाडलेली,
कुणीतरी आलं होतं असं दिसावं म्हणून.

मला अजून वीस पूर्ण नाहीत
आणि हर्षाली अहिरराव मला सर म्हणते.
पहिल्या दिवशी मी मागं वळून बघितलं होतं.

त्यांच्याकडं ओट्याला लागून फोल्डिंगचं टेबल.
तिसऱ्या शिट्टीला इंटिग्रेशन थांबतं,
आई म्हणते, सर, जरा पाय घ्या,
आणि माझ्या पायाखालून कांद्याची टोपली ओढते.
हर्षाली सगळं बरोबर करते
आणि शेवटचा अधिक सी विसरते.
अगं, उलट जाताना काहीतरी हातचं सुटलेलं असतं,
किती ते कळत नाही,
सुटलंय एवढं तरी कबूल करायचं,
म्हणून सी.
बोलून गेलो.
रात्री त्रिमूर्ती चौकात सिग्नलला उभा असताना
ते मलाच ऐकू आलं.

मग जून. मग सेतू केंद्र.
आधारवर 'अहिराव', दाखल्यावर 'अहिरराव',
एका र साठी तीन चकरा.
तिचे वडील अंबडला प्रेसवर,
नाईट मारून तसेच रांगेत,
फाईल अशी धरलेली
की आत बाळंत्यात गुंडाळलेलं काही असावं.
पर्सेंटाइल एक्क्याण्णव पॉइंट, पुढं सात आकडे.
आई म्हणाली, म्हणजे पास ना?

ऑप्शन फॉर्मच्या रात्री मला खुर्ची दिली,
ते तिघं उभे.
वडील म्हणाले, भाऊ, तुले जे बरं दिखस ते भर.
मी भरत गेलो.
एक नंबरला नाशिकचं : बस आहे, फी झेपेल,
जेवायला घरी.
पुण्याचं कॉम्प्युटर चौदावं.

हर्षालीनं मान वाकवून स्क्रीन बघितला.
सर, तुमचा पहिला ऑप्शन कोणता होता?

माझा?
माझा कॅफेवाल्यानं भरला.
मामा त्याच्याशी बोलत होता,
मी मागं उभा राहून वेफर्स खात होतो.
डबा नेता येईल, एवढं मामाचं वाक्य आठवतं.
पहिलाच लागला. पहिला लागला की सीट गोठते,
नियमच आहे तसा.
आमच्या गल्लीत पेढे वाटले.
डबा अजून नेतो.

यातलं मी काहीच बोललो नाही.
लॅपटॉप तिच्याकडं सरकवला, खुर्चीवरून उठलो.

तिनं चौदावी ओळ धरली
आणि वर ओढायला लागली.
तेरा, बारा.
मध्येच सुटली, खाली घसरली, पुन्हा धरली.
वडिलांनी विचारलं, होस्टेलला किती?
मी खरा आकडा सांगितला.
ते बराच वेळ कॅलेंडरकडं बघत राहिले,
तारखांकडं नाही, रविवारांकडं.
आईनं गॅस बारीक केला, वर काही ठेवलेलं नसताना.

ओटीपी त्यांच्याच फोनवर आला,
शर्टाच्या खिशात थरथरला.
लग्नात माईकवर आहेर वाचतात
तशा ठसक्यात त्यांनी सहा आकडे वाचले,
एकेक, सुटा सुटा.
दुसऱ्यांदा विचारायची वेळच आणली नाही.

यादी परवा लागेल.

येताना झेरॉक्सवाला शटर ओढत होता.
त्याच्याकडून पेन घेतलं,
काचेवरच्या कागदावर
'भरून मिळतील' खोडलं,
वर लिहिलं : 'भरताना शेजारी बसेन.'
तो म्हणाला, अरे असं लिहिलंस तर कोण येणार तुझ्याकडं?
आणि पेन परत मागितलं.